डाव्या काठाची तार

वडगावातल्या विणकर गल्लीत जयाबाईच्या घराला चार खिडक्या आहेत आणि चारींना जाडजूड पडदे आहेत. घरातलं बाहेर कुणाला कळू नये म्हणून ते पडदे. गंमत अशी की घरातलं सगळंच्या सगळं गल्लीला एकोणीस वर्षं ठाऊक आहे. पण गल्ली मोठी समंजस. जयाबाई म्हणाली, "काय न्हाय, जरा पित्त झालंय त्यास्नी," की शेजारची नागुबाई लगेच मान हलवते, "व्हय गं, औंदा पित्ताचीच साथ हाय." गुंडूला असं एकोणीस वर्षं पित्त आहे. एवढ्या पित्तात एखादं गाव आडवं झालं असतं.

गुंडू म्हणजे जयाबाईचा नवरा. लग्नाला चार-पाच वर्षं झाली होती तेव्हा त्याला माग बोलताना ऐकू यायला लागला. तसा यंत्रमाग सगळ्यांशीच बोलतो, खडाड-खट, खडाड-खट, आणि विणकराच्या घरातली माणसं त्या बोलण्यावर झोपतात आणि उठतात. गुंडूशी मात्र तो शब्दांत बोलू लागला. आधी नुसतं त्याचं नाव घ्यायचा. मग हुकूम सोडायला लागला. पाणी पिऊ नको, त्यात काहीतरी घातलंय. ऊठ, चालायला लाग. जयाबाईनं हे ऐकलं आणि विणकराची लेक म्हणून जे पहिलं सुचलं ते केलं, तिनं मागाला तेल घातलं. तेलानं भागलं नाही तेव्हा मेकॅनिक बोलावला. "आवाज कसला येतोय?" त्यानं विचारलं. "नाव घेतोय," असं सांगायची तिला लाज वाटली, तेव्हा ती म्हणाली, "जरा येगळा येतोय." मेकॅनिकनं एक चाक बदललं आणि गेला. त्यानंतर देवऋषी झाला आणि सगळ्यांत शेवटी डॉक्टर. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया असं नाव सांगितलं. तिनं ते कागदावर लिहून घेतलं, कागद डब्यात ठेवला, डबा फळीवर ठेवला आणि बाहेर येऊन पित्त म्हणून सांगितलं.

तेव्हापासून घरातले दोन्ही माग जयाबाई चालवते. गुंडू मागाकडे पाठ करून कांड्या भरतो. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात बसवायची सुताची नळी. काम एकाजागी बसून करायचं आणि त्याला ते छान जमतं. पण ते छान जमावं म्हणून जयाबाई दिवसभर ज्या खटपटी करते, त्या बघितल्या तर सर्कशीतला माणूस तोंडात बोट घालेल. आंघोळ करा म्हटलं तर गुंडू आठवडा काढील. म्हणून ती आंघोळीचं नावच काढत नाही, बंब पेटवते आणि भिंतीला सांगितल्यासारखं म्हणते, "पाणी थंड व्हाय लागलंय." जळण वाया गेलेलं गुंडूला खपत नाही, तो उठतो. गोळी तो जिभेखाली लपवतो हे तिनं पहिल्याच वर्षी ओळखलं. म्हणून गोळ्या होत्या तोवर चहाबरोबर गोळी दिली की ती विचारायची, "कांड्या किती झाल्या?" गुंडू "एकशे चाळीस" स्पष्ट म्हणाला तर गोळी पोटात गेली. शब्द घोळला तर गोळी अजून तोंडात आहे, मग ती दुसरा कप चहा द्यायची.

आणि तिची सगळ्यांत पोचलेली युक्ती तारेची. दुपारच्या सुमारास कधी कधी गुंडूचे हात थांबतात, मान तिरकी होते आणि तो मागाकडे कान लावतो. असं झालं की जयाबाई माग बंद करते. पण नुसता बंद करून चालत नाही, कारण मग तो विचारतो, "का बंद केलीस? काय म्हणत हुता तो?" म्हणून ती हळूच साडीची एक उभी तार, म्हणजे उभा धागा, नखानं तोडते आणि हाक मारते, "अवो, तार तुटली बगा." गुंडू येतो, वाकतो, चिमटीत दोन्ही टोकं धरतो आणि अशी गाठ मारतो की साडीवर हात फिरवला तरी लागणार नाही. सगळ्या वडगावात अशी गाठ कुणाची नाही. गाठ मारताना मागाचा आवाज त्याच्या डोक्यातून गेलेला असतो. तो परत कांडीवर बसतो, ती माग सुरू करते. असं दिवसातून दोनदा-तीनदा. वाईट दिवस असला तर सात-आठ वेळा.

अशी ही बाई. निपाणीचं माहेर बसनं दीड तासावर, पण एकोणीस वर्षांत तिनं तिथं एकही मुक्काम केलेला नाही. भाच्याच्या लग्नात अक्षता टाकल्या आणि पंगतीला न बसता डबा बांधून परतीची बस धरली. कुणी विचारलं तर म्हणायची, "मला चैन पडत न्हाय माहेरात. माग सोडून करमत न्हाय." भावजयेला ते खरं वाटतं.

गोळ्यांचं मात्र चार वर्षांपूर्वी फसलं. कांड्यांचा आकडा स्पष्ट बोलून गोळी थुंकायला गुंडू शिकला. दोन महिने तिला पत्ता नाही. एका सकाळी तो घरातून गेला आणि तिसऱ्या दिवशी खानापूरच्या स्टेशनावर सापडला, उन्हानं ओठ फुटलेले, चप्पल नाही, आणि पाणी द्यायला गेलेल्या हमालाच्या अंगावर धावून जात होता. त्या तीन दिवसांविषयी जयाबाई कुणाशी बोलत नाही. नागुबाईला विचारलं तर ती सांगेल की जया त्या तीन दिवसांत माग चालवत होती, पण मागावर सूतच नव्हतं.

त्यानंतर एका वैद्यकीय कॉलेजनं या भागात एक उपक्रम काढला आणि गुंडूचं नाव त्यात आलं. गोळ्यांऐवजी महिन्याला एक इंजेक्शन, आणि ते द्यायला करिष्मा नावाची नर्स घरी येते. करिष्मा कंग्राळीची, बोलायला फटाकडी. गुंडू तिच्यासमोर मुकाट दंड पुढं करतो, कारण टोचता टोचता ती त्याच्या गाठीचं कौतुक करते. त्या इंजेक्शनाच्या जिवावर जयाबाई दोन वर्षं जरा ऐसपैस श्वास घेत होती.

तर यंदा करिष्मा म्हणाली, "काकू, पुढच्या मंगळवारी आमच्या मॅडम येणार हाईत. काकांना बघून जातील. फॉर्म भरायचाय."

बघून जातील, म्हणजे पाहुणे येणार. आणि पाहुणे येणार म्हटल्यावर काय करायचं हे जयाबाईच्या हाडात मुरलेलं होतं. मंगळवारी तिनं गुंडूची दाढी करवली. लग्नकार्यातला शर्ट इस्त्री केला. सकाळपासून माग बंद ठेवले, म्हणजे कान लावायचा प्रश्नच नको. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाला करतात तसे पोहे केले. आणि त्याला बजावलं, "इचारतील तेवडंच बोला. आनि हसून बोला."

मॅडम म्हणजे पूर्णिमा, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची खानापूरची पोरगी, हातात टॅब. ती गंभीर मानसिक आजारावर संशोधन करत होती, आणि तिच्या संशोधनाची पहिली पंचाईत अशी की गंभीर कशाला म्हणायचं यावर जगातल्या विद्वानांचंच एकमत नाही. कुणी म्हणतो आजाराचं नाव बघा. कुणी म्हणतो किती वेळा दवाखान्यात ठेवावं लागलं ते मोजा. कुणी म्हणतो नाव सोडा, माणसाचं रोजचं जगणं किती अडलंय ते बघा. पूर्णिमानं वीस लेख वाचले आणि तिला वीस व्याख्या मिळाल्या. शेवटी तिच्या सरांनी तीन अटी ठरवून दिल्या. आजार सरांनी केलेल्या यादीतला हवा, दोन वर्षांहून जुना हवा, आणि त्यानं रोजच्या कामात अडचण येत असायला हवी. तिन्ही बसल्या तर गंभीर. इंजेक्शन घरी फक्त गंभीरांना, कारण नर्स कमी आणि माणसं जास्त.

आजार यादीत होता, वर्षं एकोणीस होती. राहिली अडचण. तिचे बारा प्रश्न टॅबमध्ये होते, आणि त्यांची मराठी अशी की वाचतानाच घशाला कोरड पडावी.

"गेल्या तीस दिवसांत आपणास शारीरिक स्वच्छता राखण्यात कितपत अडचण आली?"

"काय न्हाय," गुंडू हसून म्हणाला. "रोज आंघोळ करतो. पाणी थंड व्हायच्या आत."

"नेहमीचं काम करण्यात?"

"दिसाला दीडशे कांड्या. वर तारा जोडतो ते येगळं."

"अनोळखी व्यक्तींशी वागण्यात?"

"तुमच्यासंगं वागतोयच की. पोहे घ्या."

जयाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि तिची छाती अभिमानानं फुगली होती. इतकं छान तर तो स्वतःच्या लग्नातही बोलला नव्हता. बारा प्रश्नांचे अठ्ठेचाळीस गुण, जितके जास्त तितका आजार मोठा. गुंडूला तीन मिळाले, आणि ते तिन्ही गुडघे दुखतात म्हणून मिळाले होते.

दहा दिवसांनी कागद आला. गुंडू गंभीर नाही, सबब पुढच्या महिन्यापासून त्यानं मोठ्या दवाखान्यात येऊन उपचार घ्यावेत.

गुंडूनं तो कागद तीनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि गल्लीत निघाला. "मी सीरियस न्हाय," त्यानं पानपट्टीवाल्याला सांगितलं, मग पिठाच्या गिरणीत, मग नागुबाईच्या दारात. "कॉलेजनं लिवून दिलंय. तुमच्यापैकी कुनाकडं हाय काय असा कागद?" कुणाकडं नव्हता. खरं म्हणजे त्या गल्लीत असा कागद मागायला जायची हिंमत कुणाचीच झाली नसती. नागुबाईची व्याख्या तर आणखी सोपी होती. "कापडं फाडतोय काय? दगूड मारतोय काय? न्हाय न्हवं? मग चांगलाच हाय की गं जया."

संध्याकाळी चहा पिताना गुंडू शांतपणे म्हणाला, "आता ते इंजेक्शन बंद. चांगल्या मानसाला कशाला टोचायचं?"

जयाबाईनं बशी खाली ठेवली. मोठ्या दवाखान्यात तो येणार नाही हे तिला माहीत होतं. पूर्वी नेताना तो दोनदा चालत्या बसमधून उतरला होता. इंजेक्शन बंद म्हणजे पुन्हा कुठलं तरी स्टेशन, आणि या वेळी तो सापडेलच असं नाही. तिला रडू आलं, आणि सगळ्यात जास्त राग आला तो त्या इस्त्रीच्या शर्टाचा.

दुसऱ्या दिवशी माग बंद ठेवून ती पूर्णिमाच्या ऑफिसात गेली. वाटेत तिनं वाक्य पाठ केलं होतं, पण तिथं गेल्यावर ते तोंडातून येईना. एकोणीस वर्षं जगाला काय नाही म्हणून सांगणाऱ्या बाईला काय आहे हे सांगायला जीभच वळत नव्हती.

"मॅडम," ती म्हणाली, "त्यास्नी पित्त न्हाय."

"पित्ताचं कुठं विचारलं होतं मी?" पूर्णिमा गोंधळली.

मग जयाबाईनं सांगायला सुरुवात केली आणि बंब, चहा, कांड्यांचा आकडा हे सगळं सांगत गेली. पूर्णिमानं टॅब बाजूला ठेवला. ती चांगली पोरगी होती, चुकली हे तिला कळलं, आणि मोठी माणसं चुकल्यावर करतात तसं तिनं नियमपुस्तक पुढं केलं नाही. "काकू, मी परत भरते फॉर्म. पण तुम्हाला हे सगळं काकांच्या समोर सांगावं लागेल. त्यांच्या माघारी त्यांच्याविषयी लिहायचं नाही, असा आमचा नियम आहे. आणि मला तो पटतो."

जयाबाईला तो अजिबात पटला नाही. त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा चांगला असल्याचा कागद मिळाला होता, तो त्याच्या खिशातून तिनंच काढायचा होता. चार रात्री तिला नीट झोप नव्हती. स्वयंपाकात दोनदा मीठ दुप्पट पडलं आणि एकदा पडलंच नाही. गुंडूनं तिन्ही वेळा मुकाट जेवून घेतलं.

मंगळवारी पूर्णिमा आली तेव्हा पोहे नव्हते. माग चालू होते. गुंडू रोजच्या बनियनवर कांड्या भरत होता, पण वर खिशाचा शर्ट चढवायला विसरला नव्हता, कारण कागद खिशात होता. जयाबाईनं माग थांबवले.

"काका, मागचेच प्रश्न," पूर्णिमा म्हणाली. "फक्त या वेळी आणखी एक विचारणार. हे कोण करतं?"

"इचारा."

"आंघोळीचं पाणी?"

गुंडू जयाबाईकडं बघून म्हणाला, "ही."

"गोळ्या होत्या तेव्हा त्या घेतल्या का ते कोण बघायचं?"

"ही. चहाच्या टायमाला आकडा इचारून."

जयाबाईनं चमकून वर बघितलं. आकड्याचं त्याला ठाऊक होतं म्हणायचं. बरोबर, म्हणून तर गोळी तोंडात ठेवून आकडा बोलायला शिकला.

"आणि काम? काकू म्हणाल्या तारांचं काहीतरी आहे."

आता आली होती ती जागा. जयाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "तारा," ती म्हणाली, "काय हाय मॅडम, की तारा तुटत्यात त्या..." आणि पुढं काही तिला सांगता येईना. त्याची गाठ वडगावात एक नंबरची होती. ती खोट्या तुटण्यावर मारलेली होती हे तिच्या तोंडून निघेना.

"तारा ही तोडती," गुंडू म्हणाला.

जयाबाईचा हात पदरातच राहिला.

"आपसूक तुटत्यात दिसाला दोन. बाकीच्या ही तोडती. मला कान लागला की." तो पूर्णिमाला धंद्यातली गोष्ट समजावून सांगावी तसा सांगत होता. "झिजून तुटलेल्या तारंचं टोक फिसकारलेलं असतंय. नखानं तोडली तर सरळ. आनि आपसूक तुटनारी तार कुटंबी तुटंल. हिची कायम डाव्या काठाला, चवथी न्हायतर पाचवी. तिथंच हिचा हात पुरतोय."

"कवापासनं ठाऊक हाय तुमास्नी?" जयाबाईनं विचारलं.

"पयल्या दिसापासनं. मी विणकर हाय, येडा आसलो म्हनून काय झालं?"

"मग बोलला का न्हाईसा?"

"तू एवडी सोताच्या मागाची तार तोडतीस. चांगली तार तोडताना विणकराला काय हुतंय ते मला ठावं न्हाय व्हय? तेवडं जोडून तर द्यावं म्हटलं."

जयाबाईला हुंदका आला आणि तिनं तो लपवला नाही. चार खिडक्यांना पडदे होते म्हणून बरं, पण नागुबाईचा कान भिंतीला होताच.

पूर्णिमानं टॅब उचलला. टॅबमध्ये प्रत्येक प्रश्नापुढं शून्य ते चार एवढीच जागा होती. "काका," ती म्हणाली, "तुम्हीच सांगा. गंभीर लिहू की नाही?"

गुंडूनं खिशातला कागद काढला, उलगडला, बघितला. त्याला तो सोडवत नव्हता हे दिसत होतं. मग त्यानं घडी घालून तो पूर्णिमाच्या हातात दिला.

"ही घरात आसली तर न्हाय," तो म्हणाला. "नसली तर हाय. दोनीबी लिवा. खोटं कायबी न्हाय त्यात."

असं दोन्ही लिहायला फॉर्ममध्ये जागा नव्हती. पूर्णिमानं खाली शेऱ्याच्या चौकोनात ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि बारा प्रश्न पुन्हा भरले, या वेळी जयाबाई घरात नाही असं धरून. तीनाचे चौतीस झाले. तिच्या सरांनी आधी आक्षेप घेतला, मग शेरा वाचला आणि नंतर सगळ्याच घरांचे फॉर्म असे परत भरून आणायला सांगितले. पूर्णिमाचं काम सहा महिन्यांनी लांबलं. त्याबद्दल तिनं मनात सरांना आणि जयाबाईला सारख्याच शिव्या दिल्या.

गुंडूचं नाव घरी इंजेक्शन मिळणाऱ्यांत राहिलं. करिष्मा इंजेक्शन घेऊन आली तेव्हा त्यानं दंड पुढं केला, फक्त तोंड जरा पाडलं होतं. संध्याकाळपर्यंत तेही सरळ झालं. पानपट्टीवर जाऊन तो म्हणाला, "परत सीरियस झालो. चौतीस पडलं. बारा प्रश्नांत एवडं कुनाला पडत न्हाय." पानपट्टीवाल्यानं अभिनंदन केलं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांची गोष्ट. दुपारी दोन्ही माग चालू होते. जयाबाईनं बघितलं तर गुंडूचे हात थांबले होते आणि मान तिरकी झाली होती. तिनं माग बंद केला. सवयीनं हात डाव्या काठाकडं गेला आणि चौथ्या तारेवर येऊन थांबला. आता त्याला माहीत आहे हे तिला माहीत होतं. एवढी वर्षं जे बिनदिक्कत केलं ते आता कसं करावं, हे तिला कळेना. नवऱ्यासमोर नव्या नवरीला उखाणा सुचू नये तशी ती उभी राहिली.

गुंडू मागाकडे पाठ करूनच बसला होता, त्यानं मान वळवली नाही.

"तोड की गं," तो म्हणाला. "मी बसलोय न्हवं."

तिनं तार तोडली. तो उठून आला, वाकला आणि गाठ मारायला लागला.